मागे कोण होतं

पिशवीला भोक होतं. डाव्या बुटावर चढवून घोट्याशी रबरानं आवळलेली दुकानातली पातळ पिशवी, आणि तिच्या टोकाशी, अंगठ्याच्या वर, कुणाचं लक्षही जाणार नाही अशा जागी नखाएवढं भोक— पायडल खाली गेलं की त्यातून पाणी आत यायचं, वर आलं की तेच पाणी पायाच्या उबेनं कोमट होऊन बाहेर पडायला बघायचं आणि पडायचं नाही. उजवा पाय कोरडा होता. कोरडा म्हणजे कमी ओला. पाओ-चूला राग येत होता तो त्या उजव्या पायाचा. एकाच सायकलवर, एकाच पावसात, एकाच बाईचे दोन पाय, आणि एकाला सगळं, दुसऱ्याला काहीच नाही. थांबून पिशवी बदलता आली असती, कॅरिअरच्या थैलीत दुसरी होती. ती थांबली नाही. भिजू दे. आज राग विझता कामा नये, मग तो पायापासून पेटला तरी चालेल.

डाव्या अंगाला, रस्त्याच्या पलीकडे, समुद्र होता. होता म्हणजे असणार— तायमाली मागे पडल्यापासून तिकडे नुसतं पांढुरकं काहीतरी गुरगुरत होतं आणि त्याच्यात आभाळ कुठं संपतं ते कळत नव्हतं. उजव्या अंगाला डोंगर, त्याच्यावरून वाहून आलेली लाल माती, चिखलात आडवी झालेली सुपारीची एक झावळी. बेटाची फेरी करणारं सगळं जग समुद्र उजव्या हाताशी ठेवून जातं. कडेकडेनं जायचं, समुद्र खेटून, फोटो काढत. ही एकटी उलट निघालेली. घर सोडल्यापासून जो भेटेल तो हेच विचारतो, मावशी, उलट कशा? यीलानला चहातली अंडी विकणाऱ्या बाईला तिनं सांगितलं, नवस आहे. कॉलेजची पोरं होती त्यांना म्हणाली, डावा गुडघा दुखतो, डॉक्टरांनी सांगितलंय डावीकडे वळू नका. पोरांनी ते खरं मानलं आणि हळहळली. ह्वालिएनच्या देवळात रात्रीपुरती खोली देणाऱ्या म्हाताऱ्याला तिनं उलट सुनावलं होतं, की घड्याळाचे काटे फिरतात तशी मी चाललेय, उलटे तुम्ही सगळे. म्हातारा हसला आणि एक चादर जास्त दिली.

खरं उत्तर साधं होतं. गोल रस्त्यावर एखाद्याच्या मागे लागलं तर तो सापडत नाही, तो पुढे आणि आपण मागे, जन्मभर. समोरून गेलं की चुकत नाही. कुठेतरी, कधीतरी, तोंडाला तोंड लागतंच.

आज लागणार होतं.

लो वन-श्योंगचं तोंड. ते तिला डोळे मिटूनही दिसायचं, मिटले नाहीत तरी दिसायचं— रुंद, गुळगुळीत, दाढी केलेलं, दुःखाच्या प्रसंगी खालचा ओठ किंचित लोंबवणारं. चांगहुआच्या सायकल क्लबाचा म्होरक्या. काल रात्री क्लबानं फोनवर फोटो टाकला होता. सगळेजण फांगल्याओच्या एका खाणावळीत, मासळीच्या रश्श्याच्या वाफेत हसणारे, आणि पहिल्या रांगेतल्या चौघांनी मुद्दाम पाठ फिरवलेली, कारण पाठीवरची अक्षरं दिसायला हवीत. दर वर्षी नवा शर्ट, अक्षरं तीच. ‘थिएन-लायला आम्ही मागे सोडलं नाही.’

सोडलं नाही म्हणे.

थिएन-लाय तिचा नवरा. चार वर्षांपूर्वी याच मोसमात, याच क्लबाबरोबर फेरीला निघाला आणि शौखाच्या घाटात, उतारावर एका वळणात कठड्यावरून खाली गेला. हे असं एका वाक्यात सांगता येतं. इतकी वर्षं सगळे तसंच सांगतात आणि वाक्य संपवून चहा ओततात. जे सांगत नाहीत ते असं, की क्लबात एक नियम होता. सगळ्या क्लबांत असतो. सर्वांत पुढे एक जाणता आणि सर्वांत मागे एक जाणता. मागच्याला हे लोक शेपूट म्हणत, त्याच्या सीटमागे लाल कापडाची झेंडी लावत. शेपटाच्या मागे कुणी नसतं. कुणी थांबला की शेपूट थांबतं, कुणी मुतायला बसला तरी शेपूट रस्त्याकडे पाठ करून उभं राहतं. एवढंच त्याचं काम, दुसरं काही नाही. आणि त्या दिवशी झेंडी लोच्या सीटला होती. तावू गावात जेवायला सगळे पोचले, लो पण पोचला, झेंडीसकट. जेवणाचे डबे वाटले गेले. एक डबा उरला.

डबा उरला तेव्हा त्यांना कळलं. माणूस नाही हे डब्यावरून कळलं. तोपर्यंत कुणीतरी कोंबडीची तंगडी अर्धी खाल्ली होती. हे तिला क्लबातल्याच एकानं दारू पिऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून, मी काही बोललो असेन तर मनावर घेऊ नका वहिनी, असंही सांगितलं.

मनावर नाही घेतलं. हाडात घेतलं.

तावूच्या पोलीस ठाण्यापुढे ती उतरली. सायकलवाल्यांना इथं गरम पाणी मिळतं, हवा भरायचा पंप मिळतो, मुतारी मिळते. दारापाशीच्या लाकडी बाकावर रेनकोट टाकू नका, असा कागद चिकटवलेला आणि त्याच बाकावर कुणाचा तरी रेनकोट. पोलीस पोट सुटलेला, पन्नाशीचा, रेडिओवर हवामान ऐकत होता. तिच्या तोंडावरचा फडका, त्यावर टोपी, त्यावर हेल्मेट, हाताला बाह्या, असा सगळा गाठोड्यासारखा अवतार बघून त्यानं विचारलं, आत माणूस आहे का. आहे, ती म्हणाली. मग बाहेर काढा आणि चहा घ्या, तो म्हणाला. तिनं फडका तेवढा हनुवटीखाली ओढला.

“शौखा चढणार? यातून?”

“हो.”

“वरून येणारे मजेत येतात, मावशी. सगळे त्या अंगानं चढतात आणि या अंगानं घसरगुंडी. तुम्ही घसरगुंडी खालून चढायला निघालात.”

मग तो आपणहून बोलत राहिला. आज चांगहुआची मंडळी येणार आहेत वरून, दर वर्षी येतात. त्यांचा एक माणूस गेला होता तिथं. त्या वळणावर थांबतात, फुलं ठेवतात, एक सिगारेट पेटवून कठड्यावर ठेवतात. इथं येऊन आम्हा सगळ्यांना केक देतात. त्यांचा तो पुढारी, लो का कोण, दर वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी असतं.

“भली माणसं,” पोलीस म्हणाला. “आजकाल कोण कुणाची आठवण ठेवतं?”

पाणी फार गरम होतं. तिनं ते तसंच घशाखाली लोटलं, जीभ पोळली, आणि पोळल्या जिभेनं ती म्हणाली, खरं आहे, भली माणसं. पेला ठेवला. पुढच्या चाकात हवा भरायला घेतली आणि इतकी भरली, इतकी भरली, की पोलिसानंच रेडिओ सोडून हात वर केला, बस बस, फुटेल.

फुटेल. हो. थिएन-लायनं जन्मात सिगारेट ओढली नव्हती, आणि हे त्याच्या नावानं सिगारेट जाळतात, कारण मेलेल्या पुरुषांना सिगारेट लागते असं यांनी कुठल्यातरी सिनेमात बघितलंय.

तावूनंतर आनश्वो, आणि आनश्वोला मोठा रस्ता सोडून जुन्या रस्त्याला लागायचं. बोगदा झाल्यापासून ट्रक तिकडून जातात, जुना रस्ता सायकलींना आणि माकडांना राहिलाय. चढ सुरू झाला तसा आवाज बदलला. समुद्राची गुरगुर मागे गेली आणि पानांवर पडणारा पाऊस राहिला, तो थांबून थांबून ओघळत होता, जणू वर कुणी बादल्या मांडून बसलंय. तिनं सगळ्यांत हलका गिअर टाकला. मांड्या बोलायला लागल्या. तिच्या मांड्या सायकलवाल्या बाईच्या नव्हत्याच; सायकलच्या सीटा शिवणाऱ्या बाईच्या होत्या. चांगहुआच्या बाहेर एका शेडमध्ये तीस वर्षं सीटांना कातडं चढवून तिनं दुनियेची बुडं जपली, आणि स्वतः कामावर जाण्यापलीकडे सायकल चालवली नव्हती. थिएन-लाय गेल्यावर त्याची वाकडी झालेली सायकल पोलिसांनी आणून दिली. ती तिनं भंगारात घातली. लोकांना वाटलं, दुःखानं घातली. मग तिनं जुनी एक घेतली आणि पहाटे कालव्याच्या बांधावरून चालवायला लागली, आधी दिवे दिसेनासे होईपर्यंत, मग पुढच्या गावापर्यंत, मग पाऊस असला तरी. शेजारणी म्हणाल्या, बरं झालं, मन रमवतेय.

त्या पहिल्या वर्षी लो शेडमध्ये आला होता. शर्ट घेऊन. मशिनी बंद झाल्या, बायका उठून उभ्या राहिल्या, कुणी डोळे पुसले. त्यानं दोन्ही हातांनी, देवळात उदबत्ती धरावी तसा, तो शर्ट पुढे केला.

“वहिनी, तुमच्या मापाचा करून घेतलाय. तुम्ही नुसत्या गाडीत बसून चला. सगळ्यांना बरं वाटेल.”

सगळ्यांना बरं वाटेल! तिनं घेतला. मान तुकवून घेतला, कारण बायका बघत होत्या. तो गेल्यावर कातरीनं त्याचे चौकोन केले आणि सीटांवर सांडलेला डिंक पुसायला ठेवले. कापड चांगलं होतं, पुष्कळ दिवस गेलं. पण कातरताना तिच्या लक्षात आलं, की एवढ्यानं भागणार नाही. कापडाला काही होत नाही. ज्याला व्हायला पाहिजे त्याला झालं पाहिजे, आणि सगळ्यांच्या देखत झालं पाहिजे, जसं त्यानं केलं होतं सगळ्यांच्या देखत. शवपेटीच्या शेजारी उभा राहून, खालचा ओठ लोंबवून, हातात माइक घेऊन— थिएन-लाय स्वतःच म्हणाला होता, तुम्ही व्हा पुढे, मी येतो सावकाश. असा होता आमचा थिएन-लाय. शेवटपर्यंत दुसऱ्याचा विचार करणारा.

आणि दीडशे माणसांनी मान डोलावली.

खोटारडा. मेलेला माणूस काय सांगायला येणार? मेलेल्याच्या तोंडात आपली सुटका कोंबून ठेवली आणि वर त्याचं कौतुक केलं. म्हणजे चूक कुणाची, तर चांगुलपणाची! त्या क्षणी मी उठायला पाहिजे होतं, मी उठले नाही, माझ्या अंगावर तो खरबरीत पांढरा सुतकी कपडा होता आणि गुडघ्यात कुणीतरी शिसं ओतलं होतं… ते शिसं वितळवायला चार वर्षं लागली.

काय बोलायचं ते तिनं वाटेत घडवलं होतं. निघाली तेव्हा ते लांबलचक होतं, शिव्यांनी भरलेलं, त्यात डबा होता, तंगडी होती, सिगारेट होती, आई-बाप होते. तायपेच्या ट्रकांमधून जाताना त्यातले आई-बाप गळले. किनाऱ्याच्या लांब सपाट रस्त्यावर शिव्या गळल्या. आता एकच वाक्य उरलं होतं, घासून घासून पातळ झालेलं, कातडं कापायच्या सुरीसारखं. लो वन-श्योंग, त्या दिवशी मागे कोण होतं? बस. त्या वळणावर, फुलं ठेवून झाली की. सगळ्यांच्या पाठीवर ती अक्षरं असतील. तिला बाकी काही नको होतं. त्याचं तोंड हवं होतं— ते उत्तर शोधतानाचं तोंड, आणि ते बघणारे बाकीचे.

म्हणून आधी पोचायचं होतं. वळणावर उभं राहायचं होतं.

धुकं खाली उतरलं होतं. रस्ता वीस पावलांपुढे पुसून जायचा आणि ती तिथं पोचली की पुन्हा थोडा काढून दिल्यासारखा दिसायचा. श्वास तोंडावरच्या ओल्या फडक्यात अडकत होता. डोकं खाली, नजर पुढच्या चाकावर, हॅण्डलवरून थेंब, थेंबामागे थेंब. आणि वरून, धुक्यातून, चाकांचा सळसळाट आला आणि एक पिवळा रेनकोट तिच्या शेजारून झर्रकन खाली गेला.

“जोर लावा, मावशी!”

“जोर लावा,” ती म्हणाली.

या रस्त्यांवर हे असंच असतं. समोरून सायकल आली की म्हणायचं, कोण आहे, कुठला आहे ते बघायचं नाही. ट्रकवाले काच खाली करून म्हणतात, शाळेची पोरं फाटकातून ओरडतात, सुपारी विकणारी पोरगी मोबाइलमधून मान न काढता म्हणते. घरून निघाल्यापासून ती दिवसभर हे घेत आली होती आणि देत आली होती. तोंड आपोआप उघडतं, छातीतला तेवढा एक श्वास त्याच्यासाठी शिल्लक ठेवलेला असतो. आणखी एक पिवळा. जोर लावा, ताई. जोर लावा. दोघं बरोबर. शाबास मावशी, थोडंच राहिलं. त्यातला एक खोटं बोलतोय हे तिला माहीत होतं, पुष्कळ राहिलं होतं. जोर लावा, जोर लावा. पिवळे, सगळे पिवळे, घोट्यापर्यंत एकसारखे, डोकी टोप्यांत गाडलेली… मग थोडा वेळ काही नाही. मग एक शेवटचा, जरा सावकाश, ब्रेक दाबत, आणि जाता जाता मान वळवून, कळकळीनं—

“जोर लावा हं, ताई. एकट्याच? जपून.”

“जोर लावा, दादा,” ती म्हणाली. वर हात पण केला.

आणि त्याच्या सीटमागे भिजून चिकटलेली लाल झेंडी धुक्यात गेली.

तिचे पाय आणखी दोनदा फिरले. मग आवाज पोचला. शब्द आधी पोचले होते, आवाज आता पोचला— ती कळकळ, तो ‘हं’, तो लोंबता ओठ. तिनं ब्रेक दाबला, चढावर ब्रेक दाबायचं काही कारण नसतं, सायकल तशीही उभीच राहणार होती, आणि ती एका पायावर कलंडली, डाव्या, भिजलेल्या.

ते थांबले नव्हते. वळण वर होतं, तिच्या अजून पुष्कळ वर, आणि ते वळणावर थांबलेच नव्हते, थांबले असते तर इतक्यात इथवर आलेच नसते. पाऊस होता ना. पावसात कोण थांबतं, पावसात कोण फुलं ठेवतं! अक्षरं रेनकोटाखाली झाकलेली. त्यांची आठवण पावसात भिजत नाही, ते तिला पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून खाली जेवायला घेऊन गेले. आणि मी? बेटाला अर्ध्याहून जास्त वळसा घालून, हाडात चार वर्षं मुरवून, त्याला समोरून गाठलं— आणि त्याला जोर लावायला सांगितलं. दादा म्हटलं. हात केला.

तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो रडण्याचा नव्हता. तिनं फडका फाडल्यासारखा खाली ओढला आणि थुंकली. थुंकी पावसात कुठं गेली ते दिसलं नाही. सायकल वळव. वळव आणि उतार आहे, घाल तशीच, तावूत असतील, डबे उघडत असतील, त्या पोलिसाला केक देत असतील, घाल त्या केकमध्येच… तिनं सायकल वळवली. एक पाय पायडलवर ठेवला.

तेव्हा वरून तो आवाज आला. लोखंडावर लोखंड. किरर, थांबून परत किरर. ओल्या उतारावर ब्रेकची रबरं झिजून संपली की मागची लोखंडी चकती रिमला लागते, तो. हा आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. धुक्यातून एक पिवळा रेनकोट आला, जाडजूड, अंगाला न पुरणारा, दोन्ही पाय बाहेर काढून बूट रस्त्यावर घासत सायकल आवरणारा. तिच्यापर्यंत पोचता पोचता तो कसाबसा कठड्याला टेकून थांबला. चाळिशीचा असेल. ओठ निळे. बोटं ब्रेकवरून सुटत नव्हती, एकेक सोडवावं लागत होतं.

तिनं त्याच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. झेंडी पुढे गेली होती आणि हा मागे होता.

पुन्हा.

“चांगहुआच्या लोकांतला?” तिनं विचारलं.

हो म्हणाला. नाव फान, औषधांचं दुकान आहे, क्लबात यंदाच आला. दात वाजत होते त्यामुळे ‘यंदाच’ दोनदा झालं. मग तो हसला, जसे जाडे लोक स्वतःला आधीच हसून घेतात तसा.

“मीच शेवटचा, मावशी. माझ्यामागे फक्त पाऊस.”

“मागचा माणूस कुठाय तुमचा?”

“लोदादा? ते थांबले होते हो. पुष्कळ थांबले. मीच म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी येतो सावकाश.” त्यानं नाक पुसलं. “सगळे गारठलेत, माझ्यापायी कशाला? आणि खरं सांगू? मागे कुणी उभं राहून आपली धाप ऐकत असलं ना, की मेल्याहून मेल्यासारखं होतं.”

पाऊस पडत होता. एका पानावरून सगळं पाणी एकदम खाली आलं आणि दोघांच्या मध्ये फुटलं.

तुम्ही व्हा पुढे, मी येतो सावकाश. शब्दाला शब्द. हे वाक्य लोनं बनवलेलं होतं, शवपेटीपाशी, माइकवर, चार वर्षं ते तिच्याकडे खोट्याचा पुरावा म्हणून होतं, आणि आता ते एका औषधवाल्याच्या निळ्या ओठांतून येत होतं. तिला ते नको होतं. तिनं ते ऐकलं नाही असं ठरवायला पाहिलं. त्याऐवजी ती त्याच्या ब्रेककडे बघत राहिली, आणि बघता बघता दुसराच एक विचार आला. आला म्हणजे आत कुठेतरी पाय पोटाशी घेऊन बसला होता, तो उठून उभा राहिला.

याला जाऊ दे.

एवढंच करायचं होतं. काहीच करायचं नव्हतं. त्याची रबरं संपलीत हे त्याला माहीत नाही, त्याला वाटतंय पावसानं ब्रेक लागत नाहीत. पुढे सगळ्यांत तीव्र उतार आहे, ती आत्ताच तो चढून आलीय. तिनं म्हणायचं, जोर लावा. तो म्हणेल, जोर लावा मावशी. आणि जाईल. आणि तावूत एक डबा उरेल. दुसऱ्यांदा उरेल. मग लो वन-श्योंग, मग घे माइक हातात. मग म्हण, तो स्वतःच म्हणाला होता. एकाचं ऐकलं दीडशे लोकांनी, दुसऱ्याचं कोण ऐकेल? याची बायको ऐकेल? तिचे गुडघे शिशाचे नसतील कदाचित. मला विचारायची सुद्धा गरज उरणार नाही. मी वर चढत जाईन, वळणावर पोचेन, कठड्यावर बसेन…

ती हे सगळं स्वच्छ बघत होती आणि तिला भीती वाटत नव्हती. उलट किती दिवसांत अंगात ऊब आली नव्हती तशी ऊब आली होती. पोळलेली जीभ टाळूला लागली. शब्द तिथं तयार होता.

“बरं मग, मावशी, येतो,” फान म्हणाला आणि पाय उचलला. “तुम्ही चढाला लागा, माझ्यापायी थंड पडाल. मी काय, हळूहळू—”

“उतर,” ती म्हणाली.

“काय?”

“सायकलवरून उतर. ब्रेक नाहीत तुला. मरशील.”

त्यानं ब्रेककडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून तो उतरला. कृतज्ञतेनं नव्हे, घाबरून. मग लगेच सुरू झालं, मी चालत नेतो ना, तुम्ही कशाला, तुमचा चढ वाया जाईल, तुम्ही व्हा पुढे— आणि ती ओरडली. एवढ्या मोठ्यानं ती त्या अंत्यविधीत ओरडली असती तर भिंती पडल्या असत्या. पुन्हा म्हणालास तर थोबाडीत देईन. ‘व्हा पुढे’ पुन्हा म्हणालास तर. मेल्या, रीतच आहे ही तुम्हा सगळ्यांची, पुरुषांची, थोडी धाप लागली की व्हा पुढे, थोडं दुखलं की व्हा पुढे. लाज वाटते म्हणे! लाज वाटते म्हणून दरीत जाल, पण कुणाला शेजारी उभं राहू देणार नाही. फान मान खाली घालून ऐकत होता. बायको असावी त्याला, त्याच्या ऐकण्यात सराव होता.

मग ते उतरायला लागले. तो पुढे, सायकल हातात धरून. ती मागे, एका हातानं आपली, दुसऱ्या हातानं त्याचं कॅरिअर मागे ओढून धरत, त्याची सायकल घसरू नये म्हणून.

थिएन-लाय म्हणाला असेल. तिला ते आता ऐकूच येत होतं, त्याच्या आवाजात, त्या चिरक्या, समजूतदार आवाजात, जो तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून संतापवायचा. देवळाच्या पायऱ्यांवर, मधेच वाकून बुटाची नाडी बांधायचं सोंग करत, तू हो पुढे. सासरा गेला त्या रात्री दवाखान्याच्या दाराशी, तू हो आत. स्वतःच्या पोटात गाठ आली होती तेव्हा सुद्धा, तपासायच्या खोलीबाहेर. ती कधी झाली नाही पुढे. एकदाही नाही. ती उभी राहायची, तो घुमा व्हायचा, भांडण व्हायचं, दोन दोन दिवस बोलायचा नाही, पण ती उभी राहायची. ज्याला कळतं त्यानं ऐकायचं नसतं. लोनं ऐकलं. आनंदानं ऐकलं असेल, पोटात भूक होती, खाली डबे होते. म्हणजे तो सुटत नाही. तो सुटत नाहीच, तिनं त्याला पुन्हा एकदा घट्ट धरला. पण पकड पहिल्यासारखी बसेना. कारण त्याच मुठीत आता दुसरा एक हात होता, ओळखीचा, नखांत सायकलचं काळं ग्रीस असलेला, आणि तो सोडवून घ्यायला बघत नव्हता. तो म्हणाला, थिएन-लाय म्हणाला, आपल्या तोंडानं म्हणाला. बायकोचा विचार न करता, ती घरी सीटा शिवत बसलीय हे ठाऊक असून, नुसतं कुणी धाप ऐकू नये म्हणून. चार वर्षं मी तुला फुलं वाहिली रे. एक दिवस तुला शिवी दिली नाही. सगळ्या त्याला दिल्या, तुझ्या वाटच्या सुद्धा.

तिनं कॅरिअर इतकं ओढलं की फान अडखळला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

धुकं खाली विरळ होत होतं. खालचा रस्ता दोन वळणांपर्यंत दिसू लागला, ओला, काळा, रिकामा. मग रिकामा नाही. खालच्या वळणावर एक पिवळा ठिपका होता आणि तो वर येत होता. सायकल ढकलत, चालत, घाईघाईनं, मधेच थांबून गुडघ्यांवर हात ठेवून, पुन्हा चालत. टोपी मागे पडलेली, डोकं उघडं पावसात. एवढ्यावरून कळत नव्हतं कोण ते.

“लोदादाच असणार,” फान म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा ऊब आली. “मला शोधायला आलेत बघा. मी म्हटलं नव्हतं?”

पाओ-चू थांबली. कॅरिअरवरची बोटं तशीच.

तो नसावा. असं तिला वाटलं, पोटापासून वाटलं. इतकं काही तिनं आयुष्यात मागितलं नव्हतं. तो नसावा, दुसरा कुणीही असावा, तो तावूत बसून तंगडी खात असावा, बोटं चाटत असावा. कारण तो असला, आज या माणसासाठी आला असला, चढ चढून, धापा टाकत, उघड्या डोक्यानं… तर त्या दिवशी? तेव्हाही यायचं असतं हे तेव्हा माहीत नव्हतं का? का थिएन-लायवर शिकून घेतलं, आणि या औषधवाल्याला त्याचा फायदा? आणि तो नसला, तर तो तसाच आहे जसा मी म्हणत आले, माझं सगळं बरोबर आहे, आणि मी आहे तिथंच आहे, इथं, या उतारावर, एका परक्याची सायकल मागे ओढत.

ठिपका आणखी एका वळणानं वर आला. माणसाएवढा झाला, चेहऱ्याएवढा व्हायचा होता.

फाननं हात वर करून हाक मारायला तोंड उघडलं. “थांब,” ती म्हणाली. “ओरडू नकोस. जरा थांब.”